आंघोळ कशी करता?

देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या पंचेचाळिशीपुढच्या माणसांची, त्यांच्या जोडीदारांसह एकूण ७२,२५० जणांची, पाहणी केली. वार्धक्यावरची आपल्याकडची ही सर्वांत मोठी पाहणी. प्रश्नावली लांबलचक होती: शेती किती, कर्ज किती, मुलं कुठे असतात, रक्तदाब तपासला का. त्यातच सहा साधे प्रश्न होते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालताना त्रास होतो का? कपडे घालताना? आंघोळ करताना? जेवताना? अंथरुणातून उठताना? संडासला बसता-उठताना?

साठीपुढच्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांनी यांतल्या निदान एका प्रश्नाला 'हो' म्हटलं. स्वयंपाक, बाजारहाट, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा हिशेब, फोन करणं ही जरा वरच्या पायरीची कामं विचारली, तेव्हा हे प्रमाण ४८ टक्क्यांच्या आसपास गेलं. देशात साठीपुढची माणसं २०२२ च्या अंदाजानुसार १५ कोटींच्या घरात आहेत. म्हणजे आंघोळ, कपडे, संडास अशा कामांत कुठेतरी अडणारी माणसं साधारण साडेतीन कोटी. मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही शहरांतली झाडून सगळी माणसं एकत्र केली तरी एवढी भरणार नाहीत.

तरीही दवाखान्यात हा विषय निघत नाही. साखर किती, प्रेशर किती, गोळ्या चालू आहेत ना, एवढं झालं की पुढचा पेशंट. सत्तरीच्या बाईला "आंघोळ कशी करता?" असं विचारणारा डॉक्टर विरळा. आणि त्या बाईही आपणहून सांगत नाहीत. गुडघा दुखतो हे सांगता येतं. संडासातून उठताना नळाला धरून उठावं लागतं, हे लेकीलाही सांगायची लाज वाटते. माझ्या मते वार्धक्यातला सर्वांत उपयोगाचा प्रश्न हाच आहे. आजाराचं नाव कळलं तर औषध लिहिता येतं; पण कोणतं काम, कुठे, कशामुळे अडतं हे कळलं तर त्याच आठवड्यात काहीतरी करता येतं.

हे अडणं मोजण्याचं एक महत्त्वाचं काम अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये झालं. तिथल्या बेंजामिन रोझ हॉस्पिटलात सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांचा पाठपुरावा करत होते. १९६३ मध्ये त्यांनी सहा कामांची मोजपट्टी प्रसिद्ध केली: आंघोळ, कपडे, संडासला जाणं, अंथरुणातून खुर्चीत आणि खुर्चीतून अंथरुणात येणं, लघवी-शौचावर ताबा, जेवण. त्यांना एक क्रम दिसला. माणसाच्या हातून सहसा आधी आंघोळ सुटते आणि सर्वांत शेवटी स्वतःच्या हाताने जेवणं. बरं होताना क्रम उलटा: आधी घास तोंडापर्यंत जातो, आंघोळ सगळ्यात शेवटी जमते. लहान मूल ज्या क्रमाने ही कामं शिकतं, त्याच्याशी हे जुळतं असं कॅट्झ यांचं म्हणणं होतं. दोनच वर्षांनी मेरीलँडमध्ये महोनी आणि बार्थेल या दोघींनी शंभर गुणांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. पक्षाघाताच्या रुग्णाची प्रगती पाहायला फिजिओथेरपी विभागांत ती आजही वापरतात.

१९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी वरच्या पायरीच्या आठ कामांची यादी केली: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. त्यातली एक गोष्ट मजेशीर आहे आणि बोलकीही. बायकांना आठही कामं विचारायची, पुरुषांना मात्र स्वयंपाक, घरकाम आणि धुणं वगळून पाचच. पुरुषाला भात लावता येत नसेल तर ते म्हातारपणाचं लक्षण कसं मानायचं, तो तरुणपणीही लावत नव्हता! आपल्याकडे ही अडचण आणखी मोठी. बायको गेल्यावर चार दिवसांत परावलंबी झालेला सत्तरीचा धडधाकट माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याचे गुडघे, डोळे, डोकं, सगळं शाबूत असतं; फक्त गॅस पेटवायची वेळ कधी आलेली नसते.

परदेशी यादी इथे जशीच्या तशी लावली तर काय होतं, हे हरियाणातल्या बल्लभगडच्या संशोधकांना १९९० च्या दशकात कळलं. त्यांना खेड्यातल्या निरक्षर वृद्धांमधला स्मृतिभ्रंश तपासायचा होता. तिथे चेक लिहिता येतो का किंवा फोन करता येतो का हे विचारून काय मिळणार? त्यांनी प्रश्न गावातूनच घेतले. निरोप दिला तर पोचवायची आठवण राहते का, होळी-दिवाळीसारखे सण लक्षात असतात का, घरच्या लग्नकार्याच्या गोष्टीत मत देतात का, गावात वाट चुकतात का. आणि हे प्रश्न घरातल्या माणसाला विचारले. १९९९ मध्ये ही मोजपट्टी प्रसिद्ध झाली. मराठी घरांसाठी अशी यादी करायची झाली, तर सुरुवात मोरीपासून करावी लागेल.

आंघोळ हे एक काम वाटतं, पण त्यात वीस कामं दडलेली असतात. बादलीत गरम पाणी काढायचं, ती भरलेली बादली सरकवायची. उभ्याने वाकत चौरंगावर किंवा पाटावर खाली बसायचं. तांब्या खांद्यावरून मागे न्यायचा; मधुमेहात खांदा आखडलेला असला तर तिथेच घोडं अडतं. पाठ चोळायची, वाकून पायाची बोटं धुवायची. साबणाने निसरड्या झालेल्या फरशीवर उठून उभं राहायचं. मग ओल्या अंगाने, एका पायावर तोल सांभाळत दुसरा पाय परकरात किंवा लेंग्यात घालायचा. शेवटचे दोन टप्पे सर्वांत धोक्याचे. बहुतेक मोऱ्यांत धरायला काय असतं? नळ, टॉवेलची दांडी, दाराची कडी. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलण्यासाठी बसवलेलीच नसते.

यातल्या एकेका टप्प्याचा उपाय वेगळा असतो. भिंतीत पक्क्या बसवलेल्या दोन स्टीलच्या दांड्या, पाटाऐवजी रबरी बुडाचं उंच स्टूल, बादली स्टुलावर, लांब दांड्याचा ब्रश, कपडे बाहेर खुर्चीवर बसून घालायचे. यातलं काहीही महाग नाही. दांडीला मात्र वीट-सिमेंटची भिंत लागते, आणि भाड्याच्या घरात भोक पाडायला मालकाची परवानगी. सोसायटीतल्या नव्या घरांत तीन-तीन बाथरूम असतात, पण चकचकीत टाइल्स लावताना एकाही दांडीची जागा कुणी आखत नाही.

संडासाचं दुखणं याहून मोठं. उकिडवं बसायला गुडघा, खुबा आणि घोटा तिन्ही पुरते वाकावे लागतात आणि उठताना सगळं वजन मांड्यांवर येतं. गुडघ्यांची झीज आपल्याकडे बायकांत फार, आणि साठीनंतर मांडीच्या स्नायूंची ताकद वर्षागणिक उतरत जाते. २०१४ पासूनच्या स्वच्छ भारत मोहिमेत खेडोपाडी जे कोट्यवधी संडास बांधले गेले, ते बहुतेक बसके, अरुंद, धरायला काही नसलेले. तरुण सुनेची सोय झाली, सासूची झाली नाही. पूर्वी शेतात जाताना तिला निदान बाभळीच्या बुंध्याचा आधार होता. मध्ये भोक असलेली लोखंडी किंवा प्लास्टिकची खुर्ची बसक्या भांड्यावर ठेवली, तर बरंचसं काम भागतं. ती आता तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात मिळते. पण ती घ्या, असं सांगणारं कुणी लागतं.

मुंबईत आणखी वेगळं चित्र. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, संडास मजल्यावर सगळ्यांचा मिळून. रात्री तीनदा लघवीला उठणाऱ्या आजोबांना अंधाऱ्या गॅलरीतून चालत जावं लागतं. म्हणून ते संध्याकाळपासून पाणी पिणंच बंद करतात. मग बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, चक्कर. केसपेपरवर यातला संसर्ग लिहिला जातो, गॅलरी लिहिली जात नाही. पुण्या-मुंबईच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींतही तेच: तिसऱ्या मजल्यावरची बाई चालू शकते, पण जिना उतरू शकत नाही, म्हणून बँक, दवाखाना, देऊळ, भिशी सगळं एकदम सुटतं.

कपड्यांबद्दल थोडक्यात. नऊवारीतून पाचवारीत आणि पाचवारीतून गाऊनमध्ये येणं हा आपल्या आज्यांचा ठरलेला प्रवास आहे, आणि बहुतेकींनी तो मनाविरुद्ध केलेला असतो. कंपवात असलेल्या पुरुषाला लेंग्याची नाडी सुटत नाही, मग लघवीला उशीर होतो आणि घरचे म्हणतात, "ताबा गेला." नाडीऐवजी इलास्टिक घातलं की ताबा पुष्कळदा परत येतो. जेवणात कवळी, मऊ भात, पेज हे सगळ्यांना सुचतं. पण उजव्या अंगाला पक्षाघात झालेल्या माणसाला डाव्या हाताने जेवायचा संकोच वाटतो, घरच्यांनाही ते बरं दिसत नाही, म्हणून त्याला भरवलं जातं. डावा हात धड असून तो परावलंबी ठरतो. डावं अंग गेलेल्याची अडचण वेगळी: त्याला उजव्या हाताने धुवायचं जिवावर येतं. क्लीव्हलँडच्या मोजपट्टीत याला रकाना नाही.

एकदा परावलंबी झालेला माणूस पुन्हा उठत नाही, असं आपण धरून चालतो. "आता हे असंच" हे वाक्य घरोघर ऐकू येतं. येल विद्यापीठाच्या थॉमस गिल यांनी न्यू हेवनमधल्या सत्तरीपुढच्या ७५४ जणांना १९९८ पासून वर्षानुवर्षं दर महिन्याला फोन करून विचारलं: या महिन्यात आंघोळ, कपडे, चालणं, उठणं-बसणं जमलं का? महिन्याच्या हिशेबाने पाहिल्यावर चित्र पालटलं. नव्याने अडलेल्यांपैकी पाचांतले चार जण वर्षाच्या आत पुन्हा स्वतःचं करू लागले. त्यांतले बरेच पुन्हा अडलेही. म्हणजे वृद्धाचं परावलंबन येतं, जातं, पुन्हा येतं. आणि ते येण्यामागे बहुतेक वेळा एखादी घटना असते: पडणं, ताप, आणि सर्वांत जास्त वेळा हॉस्पिटलात भरती होणं.

हे शेवटचं कुणाला पटत नाही, पण अमेरिकेतल्या २००३ च्या एका अभ्यासात हॉस्पिटलातून घरी जाणाऱ्या सत्तरीपुढच्या दर तिघांतला एक जण आजारापूर्वीपेक्षा निदान एका कामात मागे पडलेला आढळला. न्यूमोनिया बरा झाला, पण आठ दिवस पलंगावर, नळी लावून, बेडपॅनवर काढल्याने पाय गेले. आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची यादी असते. पेशंट स्वतः उठून संडासला जाऊ शकतो की नाही, याची ओळ नसते. "आराम करा" हा सल्ला मात्र न चुकता मिळतो. म्हाताऱ्या माणसासाठी इतका महाग पडणारा दुसरा सल्ला नसेल.

ताकद परत येते का? १९९० मध्ये बोस्टनच्या एका वृद्धनिवासात मारिया फियातारोने यांनी सरासरी नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे वजनं उचलून पायांचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त झाली. दहाच माणसं, हे खरं. पण नव्वदीत स्नायू वाढतच नाही, हा समज तिथे मोडला. त्यासाठी जिम लागत नाही. हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, हे बऱ्याच जणांना घरीच जमण्यासारखं आहे. सकाळच्या फेरफटक्याने मन प्रसन्न होतं, पण खुर्चीतून उठायची ताकद तेवढ्याने येत नाही. बागेतल्या ज्येष्ठ नागरिक संघांनी हास्यक्लबातली दहा मिनिटं या उठाबशांना दिली तरी पुष्कळ.

शरीर आणि घर या दोन्हींवर एकदम काम करणारा प्रयोग बाल्टिमोरमध्ये झाला. जॉन्स हॉपकिन्सच्या सारा स्झँटन यांनी गरीब वस्तीतल्या वृद्धांच्या घरी तिघांना पाठवलं: एक नर्स, एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि एक मिस्त्री. काय अडतं ते थेरपिस्टने विचारायचं. काय जमायला हवं ते वृद्धाने ठरवायचं. दांडी, कठडा बसवणं आणि सैल फरशी पक्की करणं मिस्त्रीकडे. पाच महिन्यांत या मंडळींचं अडणं, नुसत्या गप्पांच्या भेटी मिळालेल्या गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी भरलं. २०१९ मध्ये हे निकाल प्रसिद्ध झाले. मला यातला मिस्त्री फार आवडतो. आपल्याकडच्या कोणत्याही आरोग्य योजनेत मिस्त्रीला जागा नाही.

आता घरातल्या माणसांबद्दल. अमेरिकेतले डॉक्टर अतुल गावंडे यांनी मरणावर लिहिलेल्या गाजलेल्या इंग्रजी पुस्तकात त्यांच्या आजोबांची गोष्ट आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे सीताराम गावंडे जवळपास ११० वर्षं जगले. त्यांना बऱ्याच कामांत मदत लागे; अमेरिकेत ते नर्सिंग होममध्ये गेले असते, पण उटीत ते शेवटपर्यंत घरातले कर्ते राहिले. ही गोष्ट सांगून आपण फार खूश होतो. त्या घरात त्यांचं करणारी माणसं किती होती, त्यांतल्या बायका किती, आणि त्यांना दुसरं काही करायची मुभा होती का, हे सहसा कुणी विचारत नाही. आज त्याच यवतमाळात मुलगा पुण्यात, मुलगी हैदराबादला, आणि घरात पंचाहत्तरीचा नवरा आणि सत्तरीची बायको. तिने त्यांना उचलायचं, आणि तिची पाठ गेली की दोघांनी मिळून अडायचं.

एकत्र कुटुंबातही प्रेमाने नुकसान होतं. "आई, तुम्ही बसा, मी देते" म्हणून ताट हातात, पाणी हातात, चप्पलही पायात. स्वतः ब्लाउजचे हुक लावायला सासूबाईंना दहा मिनिटं लागतात, सून अर्ध्या मिनिटात लावते. सुनेला ऑफिस गाठायचं असतं, तिची चूक काढण्यात अर्थ नाही. पण सहा महिन्यांनी सासूबाईंना हुक खरोखरच लागत नाहीत. बसून राहण्यात मान आहे असं मानणाऱ्या समाजात म्हाताऱ्यांचे पाय लवकर जातात.

ज्यांना परवडतं त्यांच्या घरी ब्युरोची मावशी येते, बारा तासांसाठी. पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, पलंगावरून उचलताना स्वतःची कंबर कशी वाचवायची, हे तिला शिकवलेलं असतंच असं नाही. तिच्या म्हातारपणाचा विचार तर कुणीच केलेला नाही. आरोग्य विमा मावशीचे पैसे देत नाही, कारण विम्याला हॉस्पिटलातली भरती लागते. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतखाली पाच लाखांचं कवच मिळालं, तेही भरतीपुरतं. खुबा मोडला तर शस्त्रक्रिया होईल. खुबा मोडू नये म्हणून बसवायच्या दांडीचे पैसे मिळणार नाहीत.

अगदीच काही नाही असं नाही. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून २०१७ पासून काठ्या, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्रं, कवळ्या वाटल्या जातात. महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली: पासष्टीपुढच्या, कमी उत्पन्नाच्या माणसाच्या खात्यावर एकदाच ३,००० रुपये. त्यातून काय घ्यावं याच्या यादीत कमोड खुर्चीही आहे, याचं मला कौतुक वाटतं. पण पैसे खात्यावर येतात आणि घरी कुणी येत नाही. कुणाला वॉकर हवा, कुणाला नुसता चष्मा, कुणाला उंबरठा काढायला हवा, हे पाहणारा माणूस योजनेत नाही. गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये मावशीच्या थोड्याच दिवसांच्या पगाराला पुरतात.

जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये अशा रोजच्या मदतीसाठी सक्तीचा वेगळा विमा सुरू केला. जपानमध्ये चाळिशीपासून हप्ता भरावा लागतो; मदत लागते किती, याची पाहणी होऊन माणसाला सातांपैकी एक श्रेणी मिळते आणि त्यानुसार सेवा ठरते. तिथे घरोघर टब घेऊन येणारी गाडी आहे. नर्स आणि मदतनीस अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्याच्याच खोलीत आंघोळ घालून जातात. आपल्या सरकारी तिजोरीला हे इतक्यात झेपणार नाही, हे उघड आहे. पण केरळचं उदाहरण पैशांच्या सबबीआड लपवता येत नाही. तिथे १९९० च्या दशकात कोझिकोडला सुरू झालेलं उपशामक सेवेचं काम स्थानिक स्वयंसेवकांनी गावोगाव नेलं, २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं, आणि ग्रामपंचायतींनी नर्सच्या घरभेटींचा खर्च उचलला. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींकडेही निधी असतो. त्यातून प्रवेशद्वारांच्या कमानी उभ्या राहतात.

आणि प्रश्न विचारण्याचं काम तर सुरूही झालं आहे. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी आशाताई जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी खास रकाने आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? जेवण, कपडे, आंघोळ, चालणं किंवा संडासला जाणं यासाठी दुसऱ्याची मदत लागते का? देवनारच्या पाहणीतल्या प्रश्नांसारखेच हे प्रश्न, आणि तेही गावातल्याच, ओळखीच्या बाईने घरी येऊन विचारलेले. उत्तर 'हो' आलं तर पुढे काय करायचं, हेही फॉर्मवर छापलेलं आहे: त्या व्यक्तीला वैद्यकीय अधिकारी असलेल्या जवळच्या केंद्रात पाठवावं. ज्या आजींना मोरीपर्यंत जाता येत नाही, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जायचं. त्याऐवजी तिथून थेरपिस्ट आणि मिस्त्री आजींकडे यावेत, एवढी एक ओळ त्या फॉर्ममध्ये आणि तिच्यामागचा पगार अर्थसंकल्पात घालायचा राहिला आहे.